पुडीनं गुडघ्याचं दुखणं तीन दिवसांत थांबलं, तीच काळजीची गोष्ट

प्रश्न : डॉक्टर, आम्ही औसा तालुक्यातले. सासूबाईंचं वय ६१. शुगर नऊ वर्षांपासून, बीपी पाचेक वर्षांपासून आणि गुडघे चार वर्षांपासून. त्यात उजवा जास्त. वजन ७४ किलो. गणपतीत नणंदेनं आठवडी बाजारातल्या एका वैदूकडून पुड्या आणून दिल्या. रोज एक, कोमट पाण्यातून. तीन दिवसांत दुखणं गेलं. भूक वाढली, चेहरा भरला, गल्लीतल्या बाया म्हणतात म्हातारीनं बाळसं धरलं. पण ‘इंग्रजी गोळ्यांनी किडनी जाते, मुळापासून बरं व्हायचं तर त्या सोडा’ असं वैदूनं सांगितल्यामुळं शुगरच्या दोन्ही गोळ्या बंद आहेत. बीपीची मी मागं लागून देते. परवा तपासलं तर तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी) ९.८ निघाली. उन्हाळ्यात ७.६ होती. बीपी १६०/९४. पायावर सूज येते, हातावर निळे डाग पडतात, रात्री झोप नाही. पुण्याचे दीर म्हणतात गुडघे बदलून टाका. नणंद म्हणते पुडी चालू ठेवा. मालक काहीच बोलत नाहीत. या आजारांना कायमचा इलाज नाहीच का? खाली बसता येत नाही म्हणून मागच्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या पूजेला, त्या शेतात आल्या नव्हत्या. यंदा पुडीच्या जोरावर यायचं म्हणतात.
– एक सून

उत्तर : ताई, ‘चेहरा भरला’ असं तुम्ही सहज लिहून गेलात. मी ते वाक्य तीनदा वाचलं. साठी ओलांडलेल्या बाईचे गाल गोल होतात, भूक खवळते, झोप उडते, जरा लागलं की निळं पडतं, पायावर सूज चढते, बीपी आणि शुगर दोन्ही वर जातात, आणि चार वर्षांचं दुखणं तीन दिवसांत गायब होतं. हे सगळं एकाच माणसात दिसलं की आमच्या डोक्यात पहिलं नाव येतं ते स्टेरॉइडचं. पुडी मी पाहिलेली नाही, तेव्हा हा संशयच. पण चांगलाच बळकट. झाडपाल्याची पूड इतक्या झपाट्यानं काम करत नाही. त्यात प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोनच्या गोळ्या कुटून घातल्या की करते. या गोळ्या स्वस्त असतात आणि सुंठ-ओव्याच्या वासात सहज लपतात.

यात आयुर्वेदाला नावं ठेवायचं कारण नाही. शिकलेला वैद्य औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहितो, बाटलीवर घटक छापलेले असतात. ज्या पुडीला नाव नाही, गाव नाही, ती कुठल्याच पॅथीची नसते.

आता घाईचं. पुडी आपल्या मनानं एकदम तोडू नका. दचकू नका, कारण सांगतो. दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी बसलेल्या असतात, त्या शरीराला रोज लागेल तेवढं स्टेरॉइड बनवतात. बाहेरून आयतं मिळायला लागलं की त्या हात आखडता घेतात, आणि अडीच-तीन महिन्यांत पार झोपी जातात. अशा वेळी पुडी अचानक बंद झाली तर आतलंही नाही आणि बाहेरचंही नाही. उलट्या, चक्कर, बीपी खाली, माणूस गळून पडतो. त्यातच ताप किंवा जुलाब झाले तर जिवावर बेततं.

म्हणून उद्याच एमडी मेडिसिन डॉक्टर गाठा. उरलेल्या पुड्या सोबत न्या. केस पेपर काढतानाच सांगा, ‘अडीच-तीन महिन्यांपासून रोज एक पुडी, स्टेरॉइडचा संशय आहे.’ ते सकाळी रक्तातलं कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, तपासतील आणि गरज असेल तर मोजून स्टेरॉइड देऊन हळूहळू उतरवत आणतील. त्याआधीच उलट्या सुरू झाल्या किंवा त्या उठेनाशा झाल्या, तर वाट बघू नका. रात्री दोन वाजलेले असले तरी दवाखान्यात न्या आणि तिथंही ‘स्टेरॉइड’ हा शब्द आधी सांगा.

शुगरच्या गोळ्यांची जुनी चिठ्ठी काढून परत सुरू करायचा मोह होईल. तेही नको. स्टेरॉइडनं शुगर चढलेली आहे. ते उतरायला लागलं की शुगरही उतरेल आणि गोळीचा डोस दर काही दिवसांनी बदलावा लागेल. तो डॉक्टरांनाच ठरवू द्या. आणि एक गोष्ट सासूबाईंना आधीच सांगून ठेवा. पुडी कमी झाली की गुडघा परत दुखणार. नाही सांगितलं तर नणंद म्हणेल, ‘चांगल्या हिंडत-फिरत होत्या, डॉक्टरकडं नेलं आणि पाय गेले.’ नणंदेवर मात्र रागावू नका. तिनं आईचं दुखणं बघवेना म्हणून पदरचे पैसे घातलेत.

आता किडनी. ‘शुगरच्या गोळ्यांनी किडनी जाते’ हे वाक्य मी लातूरपासून हिंगोलीपर्यंत सगळीकडं ऐकलंय. किडनी जाते ती वर्षानुवर्षं चढलेल्या साखरेनं आणि बीपीनं. किडनी आधीच फार मंदावलेली असेल तर आम्ही मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीचा डोस कमी करतो किंवा ती थांबवतो. लोकांनी त्याचा उलटा अर्थ लावला. गंमत म्हणजे ही ‘इंग्रजी’ गोळीसुद्धा मुळात एका झाडपाल्यावरून सुचलेली आहे. युरोपात गॅलेगा नावाचं झुडूप उगवतं. त्यातल्या एका द्रव्यानं साखर उतरते हे कळलं, त्या धाग्यानं संशोधन होत गेलं आणि १९५७ साली ज्याँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी मेटफॉर्मिन रुग्णांना दिल्याचं प्रसिद्ध केलं. वैदू भेटला तर त्याला जरूर सांगा.

गोळ्यांपैकी किडनीला खरा मार बसतो तो दुखण्याच्या गोळ्यांचा. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणि मेडिकलवाल्यानं ‘घ्या, लगेच उतरेल’ म्हणून दिलेल्या त्यांच्या भावंडांचा. शुगर आणि बीपी असलेल्या माणसाला या गोळ्या महिनोन्महिने म्हणजे विषच. हे मी शहाणपणानं नाही, चुकीतून शिकलो. नोकरीच्या सुरुवातीला एक निवृत्त गुरुजी दर महिन्याला माझ्याकडं यायचे. ‘तुमच्या गोळीवरच चालतो’ म्हणायचे आणि मी खूश होऊन तीच गोळी लिहून द्यायचो. दीड वर्ष. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारं रक्तातलं द्रव्य, तपासायचं मला सुचलंच नाही. सुचलं तेव्हा ते ३.८ होतं, म्हणजे किडनी बरीच गेलेली. गुरुजी मला एका शब्दानं बोलले नाहीत, याचंच जास्त वाईट वाटतं. म्हणून उद्या रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन एवढं तपासून घ्याच. लघवीतलं अल्ब्युमिन किडनीची कुरकुर क्रिएटिनिनच्या कितीतरी आधी ऐकवतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदाही बघून घ्या. नऊ वर्षांत तो एकदाही बघितला नसणार, असा माझा अंदाज.

‘कायमचा इलाज नाहीच का?’ या प्रश्नावरच तर पुडीवाल्यांचं दुकान चालतं. खरं उत्तर असं की हे झिजेचे आजार आहेत. सांध्यातल्या हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत गादी असते, तिला रक्तवाहिन्याच नसतात. त्यामुळं हाताला कापलं तर जखम भरून येते तशी ती भरून येत नाही. शुगरचंही तसंच. आजार रिपोर्टात सापडतो तोवर इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचं साधारण निम्मं बळ संपलेलं असतं. शुगर नवी असताना वजन भरपूर उतरवलं तर काहींच्या गोळ्या सुटतात, हे खरं आहे. नऊ वर्षांच्या शुगरला ती आशा फार धरू नये. गेलेलं निम्मं परत आणून देतो म्हणणारा थापाड्या. उरलेलं निम्मं किती वर्षं पुरवायचं, ते मात्र बरंचसं घरच्यांच्या हातात असतं. तुम्ही लातूरकडच्या, तुम्हाला वेगळं काय सांगू? २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा घागरी मोजून दिवस काढलेत आपण.

आणि पुरवता येतं, याला पुरावा आहे. ब्रिटनमध्ये नव्यानं शुगर निघालेल्या ५,१०२ जणांवर १९७७ पासून वीस वर्षं एक अभ्यास चालला. ज्यांची साखर जास्त काटेकोर सांभाळली, त्यांच्यात डोळे-किडनीसारख्या बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास साधारण चौथाईनं कमी झाले. अभ्यास संपून दहा वर्षं झाली तरी तो फायदा टिकून होता. सासूबाईंसाठी तीन महिन्यांची शुगर सातच्या आसपास, फार तर साडेसात, एवढं पुरे. सहा आणायच्या नादात शुगर एकदम खाली जाऊन त्या मोरीत पडल्या तर खुब्याचं हाड मोडायचं. पुडीच्या स्टेरॉइडनं हाडंही ठिसूळ झालेली असू शकतात.

मधुमेह बरा करतो, बीपी बरं करतो अशी जाहिरात करणं आपल्याकडं १९५४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तरी बाजारात भोंगा लावून होतेच. पुडीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करता येते. ते आधी नको, आधी म्हातारीकडं बघा.

गुडघ्याकडं येतो. वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार जवळपास चार किलोनं हलका होतो. ७४ चे ६९ झाले तर पावलापावलाला वीस किलोचं पोतं उतरलं म्हणा ना. दुसरी गोष्ट मांडीची. गुडघा दुखतो म्हणून माणूस बसून राहतो, बसून राहिलं की मांडीचा स्नायू वाळतो, आणि तो वाळला की सगळा भार त्या झिजलेल्या गादीवर येतो. पुडीनं यातलं काहीच सुधारलं नाही. उलट फार दिवस स्टेरॉइड घेतल्यानं मांडीचे स्नायू आणखी अशक्त होतात.

उद्यापासून त्यांना पाठ टेकेल अशा खुर्चीवर बसवा. एक पाय हळू वर उचलून गुडघ्यात सरळ करायला सांगा, पंजा स्वतःकडं ओढलेला. तुम्ही शेजारी बसून मांडीवर हात ठेवा. स्नायू दगडासारखा घट्ट झालेला हाताला लागला पाहिजे. नाही लागला तर त्या नुसताच पाय हलवतायत. पाचपर्यंत मोजा, खाली घ्या. दहा वेळा एका पायाचं, दहा वेळा दुसऱ्याचं, सकाळ-संध्याकाळ. पंधरा दिवसांनी दुसरा व्यायाम जोडा : खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं, आधी पाचच वेळा. पहिले आठ दिवस त्या कुरकुर करतील. थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सूज आली किंवा दुखणं वाढलेलंच राहिलं तर मोजणी निम्मी करा. फरक पडायला सहा ते आठ आठवडे लागतात. पुडीचे तीन दिवस आणि व्यायामाचे आठ आठवडे, इथंच आमच्यासारखे हरतात.

काठीला लाजू देऊ नका. उजवा गुडघा जास्त दुखतो ना, मग काठी डाव्या हातात. लोक हटकून दुखऱ्या बाजूला धरतात. उभं राहून हात सैल सोडल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत काठीची मूठ यावी. संडासात कमोड नसेल तर खुर्चीवजा बैठक मिळते, ती आणा. भाकरी थापायला ओट्यावर उभी सोय करा. चुलीपुढं उकिडवं बसणं आता बंद. तेल चोळायला हरकत नाही. चोळणारीचा हात ऊबदार असतो, बरं वाटतं, झोप लागते. गादी मात्र त्यानं वाढत नाही. डायक्लोफेनॅकचा मलम गुडघ्याला लावला तर गोळीइतका पोटाला-किडनीला भार नसतो, तो डॉक्टरांना विचारून लावा. विटेचा शेक मात्र कटाक्षानं टाळा. जुन्या शुगरनं तळपायाची जाणीव बोथट झालेली असते. एकदा एका मावशींची चप्पल वाटेत पायातून निसटली होती आणि त्या तशाच एका पायानं अनवाणी माझ्या ओपीडीत आल्या होत्या. त्यांना पत्ताच नव्हता! अशा पायाला वीट भाजली तरी कळत नाही, आणि त्या फोडाचं काय होतं ते मी इथं लिहीत नाही. रोज रात्री तुम्हीच त्यांचे तळवे, बोटांच्या बेचक्या उजेडात बघा.

खाण्याचं फार लांबवत नाही. ज्वारीच्या भाकरीनं शुगर वाढत नाही ही समजूत सोडा. ज्वारी मालदांडी असो की हायब्रीड, तीत पिष्ट असतंच. तंतू जास्त म्हणून ती मैद्यापेक्षा आणि पांढऱ्या भातापेक्षा बरी, एवढंच. आपल्याकडची एक भाकरी दुसरीकडच्या दोन भरतील एवढी असते, तेव्हा एकदा पीठ काट्यावर मोजून बघा आणि मग एकवर या किंवा दीडवर. ताटात आधी पालेभाजी आणि वरण-उसळ खायची, भाकरी मागून. जेवणानंतर अंगणात दहा-पंधरा मिनिटं चालायचं. एवढ्यानंही जेवणानंतरची साखर कमी चढते. चहा दिवसातून चार वेळा, दोन-दोन चमचे साखर घालून, म्हणजे चाळीस ग्रॅम साखर नुसती चहातून. गूळ घातला तरी तेवढीच. मीठ दिवसाला चमचाभर, पाच ग्रॅमच्या आत; लोणचं, पापड, ठेचा यातलं मीठ त्यातच धरा. मेथी-कारल्याला माझी ना नाही, भाजी म्हणून खा. गोळीच्या जागी नाही. एकादशीचा उपवास त्या करत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी आणि रिकामं पोट यांचं जमत नाही, शुगर फार खाली जाते. दिवसभर साबुदाण्यावर राहिलं तर दुसऱ्या टोकाला पंचाईत, शुगर चढते.

दिरांना सांगा, ऑपरेशन वाईट नाही, घाई वाईट आहे. घरातल्या घरात चालणं अवघड झालं, रात्री दुखण्यानं जाग येते, आणि सहा महिने नेटानं व्यायाम करूनही फरक नाही, अशा माणसाला सांधा बदलून खूप सुख होतं. बहुतेक सांधे वीस-पंचवीस वर्षं टिकतात. फक्त एक्स-रे बघून ठरवायचं नसतं, काहींचा फोटो वाईट असतो आणि चालणं छान असतं. आत्ता, ९.८ शुगरवर आणि स्टेरॉइड अंगात असताना, कुठलाही शहाणा सर्जन हात लावणार नाही, जखम पिकायची भीती असते. आधी शुगर आठच्या खाली येऊ द्या. सरकारी आरोग्य योजनेत बसतं का ते योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनीसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, विचारा. रोजच्या गोळ्यांसाठी पुण्याला जायची गरज नाही. शुगरची मेटफॉर्मिन, बीपीची अम्लोडिपिन प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. आणि आशाताई तिशीपुढच्यांच्या शुगर-बीपी तपासणीसाठी येतात, तेव्हा तुमचे न बोलणारे मालक शेतात पळून जात असतील, तर त्यांना त्या दिवशी थांबवा. आईला शुगर म्हणजे लेकाला धोका असतोच.

एक उरलंच. सासूबाई गुडघ्यासाठी पुडी घेतात असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं त्या येळवशीसाठी घेतात. मागच्या वर्षी सगळं घर शेतात, कडब्याच्या कोपीत पूजा झाली, भज्जी आणि उंड्यांच्या (उकडलेल्या पिठाच्या गोळ्यांच्या) पंगती बसल्या असतील, आणि त्या एकट्या घरात. तेव्हा यंदा त्यांना न्याच. डॉक्टरांनी परवानगी दिली तर. प्लॅस्टिकची एक खुर्ची गाडीत टाका आणि कोपीच्या तोंडाशी मांडा. पूजा दुसऱ्या कुणाला करू द्या, त्या तिथून सांगतील कुठं काय चुकतंय ते. भज्जी पोटभर वाढा. हिरवी तूर, हरभरा, वाटाणा, पाला, इतकं चांगलं ताट मी कुणाला लिहून देऊ शकत नाही. उंडा एक, खीर दोन घास, आंबील पेलाभर. दुपारची गोळी कागदात बांधून बरोबर घ्या. आणि परत येताना बांधावरून उतरताना काठी डाव्या हातात आहे ना, तेवढं बघा.